जबडा आवळणं, दात खाणं आणि स्नायू सैल करणारं इंजेक्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी उठल्यावर गाल जड वाटतात, कानशिलं ठणकतात, आणि आरशात नीट पाहिलं तर पुढच्या दातांच्या कडा घासून सपाट झालेल्या दिसतात. ही तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांनी बोटॉक्सचं नाव आधीच ऐकलेलं असतं, त्यामुळे खुर्चीत टेकता टेकता पहिला प्रश्न त्याचाच येतो. दंतवैद्य म्हणून जे मला पुन्हा पुन्हा विचारलं जातं, ते इथे मांडतो आहे.

हे इंजेक्शन म्हणजे नेमकं काय? बोटॉक्स तेच का?

बोलताना सगळे बोटॉक्स म्हणतात, पण ते एका कंपनीच्या औषधाचं नाव आहे. मूळ औषध बोट्युलिनम टॉक्सिन. त्याचे अनेक प्रकार आहेत आणि जबड्यासाठी बहुधा ‘ए’ प्रकार वापरतात. डिस्पोर्ट आणि झिओमिन ही त्याच प्रकारातली दुसरी नावं.

दात काढताना किंवा रूट कॅनालच्या वेळी जे बधिर करणारं इंजेक्शन देतात त्याच्याशी याचा काही संबंध नाही. बधिरतेचं औषध संवेदना घालवतं आणि काही तासांत उतरतं. हे औषध संवेदनेला हात लावत नाही. गालाला स्पर्श, थंड, गरम सगळं पूर्वीसारखंच कळतं. कमी होतो तो स्नायूचा जोर.

म्हणजे विष टोचून घ्यायचं?

हो, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. १८२०च्या आसपास जर्मनीत युस्टिनस केर्नर नावाच्या डॉक्टरांनी खराब झालेलं सॉसेज खाऊन दगावणाऱ्या माणसांच्या लक्षणांची बारकाईने नोंद केली. लॅटिनमध्ये सॉसेजला ‘बोट्युलस’ म्हणतात, या विषबाधेचं नाव तिथूनच आलं. हे केर्नर कवीही होते, आणि धाडसी म्हणा किंवा अविचारी म्हणा, त्यांनी तो अर्क स्वतःवर करून पाहिला. फार थोड्या मात्रेत हेच विष अनावर हालचालींच्या आजारांवर औषध ठरू शकेल, हा अंदाज त्यांनीच बांधला होता. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एका विषबाधेनंतर एमिल व्हान एर्मेंगेम यांनी ते विष बनवणारा जिवाणू शोधला. पुढे १९७०च्या दशकात ॲलन स्कॉट या अमेरिकी नेत्रतज्ज्ञाने तिरळेपणासाठी ते माणसांवर वापरलं, आणि १९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी तिरळेपणा आणि पापण्यांची अनावर मिटमिट यांसाठी त्याला मान्यता दिली. सुरकुत्यांसाठीची मान्यता २००२ मधली. थोडक्यात, सौंदर्यासाठीचं औषध म्हणून जे प्रसिद्ध झालं ते मुळात अनावर स्नायूंवरचं औषध आहे.

राहिला मात्रेचा प्रश्न. एका कुपीतलं विष ग्रॅमच्या अब्जाव्या भागात मोजावं इतकं कमी असतं, आणि तेही रक्तात न सोडता एका ठरावीक स्नायूत टोचलं जातं.

स्नायूत गेल्यावर ते काय करतं?

मेंदूला एखादा स्नायू आवळायचा असतो तेव्हा मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन बाहेर पडतं. ते स्नायूपर्यंत पोचलं की स्नायू आकुंचन पावतो. हे रसायन बाहेर सोडायला मदत करणारं एक प्रथिन मज्जातंतूच्या टोकात असतं, आणि बोट्युलिनम ए त्या प्रथिनाचे तुकडे करतं. निरोप निघतो, पण दारातच अडकतो. स्नायू शाबूत असतो, मज्जातंतूही जिवंत असतो, फक्त दोघांचं बोलणं थांबतं.

कायमचं नाही. मज्जातंतू काही आठवड्यांत नवे फुटवे काढतो, जुनं टोकही हळूहळू कामाला लागतं, आणि तीन-चार महिन्यांत जोर परत येतो. औषध ‘उतरतं’ ते असं.

कुठे टोचतात?

दोन्ही तळवे गालांवर, कानाच्या पाळीच्या जरा पुढे आणि खाली ठेवा आणि दात घट्ट आवळा. हाताखाली जो गोळा उठतो तो मॅसेटर, चावण्याचा मुख्य स्नायू. तो गालाच्या हाडापासून निघून खालच्या जबड्याच्या कोपऱ्यावर बसलेला असतो. आता बोटं कानशिलांवर ठेवून पुन्हा आवळा. तिथे हलतो तो टेम्पोरॅलिस, पंख्यासारखा पसरलेला. बहुतेकदा इंजेक्शन मॅसेटरमध्ये देतात, आणि कानशिलं दुखत असतील तर टेम्पोरॅलिसमध्येही. जबड्याच्या आतल्या बाजूला आणखी दोन स्नायू आहेत, पण ते खोल असल्यामुळे तिथे टोचायला सोनोग्राफी किंवा स्नायूचे विद्युत-संकेत दाखवणारं यंत्र लागतं. ते रोजच्या दंतवैद्यकीतलं काम नव्हे.

याने माझं दात खाणं थांबेल का?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि याचं उत्तर बहुतेकांना आवडत नाही. नाही, थांबणार नाही.

रात्री दात खाणं तोंडात सुरू होत नाही, मेंदूत सुरू होतं. गाढ झोपेतून उथळ झोपेकडे येताना मेंदू क्षणभर जागा होतो, हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि जबड्याचे स्नायू तालात आवळू लागतात. तुम्हाला यातलं काही आठवत नाही, पलीकडे झोपलेल्याला मात्र करकर ऐकू येते. गालात टोचलेलं औषध मेंदूतल्या या घडामोडीपर्यंत जात नाही. झोपेत स्नायूंचे विद्युत-संकेत नोंदवून केलेल्या अभ्यासांत हेच दिसलं: इंजेक्शननंतरही आवळण्याचे झटके येत राहिले, त्यांची संख्या फारशी घटली नाही, घटली ती टोचलेल्या स्नायूच्या आवळण्याची तीव्रता.

मग पैसे आणि सुया कशासाठी, असं कुणी विचारेल. कारण दाताला तडा जातो तो झटक्यांच्या संख्येपेक्षा जोरामुळे जास्त. सकाळी दुखतो तो रात्रभर जोर लावून थकलेला स्नायू. हातोडा तोच, मारणाराही तोच, पण हाताची ताकद अर्ध्यावर आली तर भिंतीचं नुकसान कमी होतं. यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवून इंजेक्शन घेणारा माणूस महिन्याभराने नाराज होऊन येतो, आणि ती चूक त्याची नसते, आधी नीट न सांगणाऱ्याची असते.

मग हे कोणासाठी चांगलं?

माझ्या मते तीन प्रकारच्या लोकांसाठी.

पहिले, ज्यांचा मॅसेटर हाताला दगडासारखा लागतो, दाबला तर दुखतो, आणि सकाळची डोकेदुखी थेट त्या दुखण्याशी जुळते. आवळण्यावर नियंत्रण आणायचा प्रयत्न करून, नाइट गार्ड (झोपताना दातांवर चढवायचं संरक्षक आवरण) वापरून, जबड्याचे व्यायाम करूनही ज्यांना पुरेसा आराम नाही, अशांना इंजेक्शनने बरीच मोकळीक मिळते.

दुसरे, ज्यांच्या तोंडातलं काम वारंवार मोडतं. सिरॅमिक कॅपचा टवका उडणं, इम्प्लांटचा स्क्रू सैल होणं, भरलेली दाढ दुभंगणं. इम्प्लांटला खऱ्या दातासारखी भोवतालची उशी नसते, त्यामुळे जोर थेट हाडावर येतो. मोठं काम बसवल्यानंतरचे पहिले काही महिने जोर कमी ठेवायचा असेल तर हा उपाय विचारात घेण्यासारखा आहे.

तिसरे, मेंदूला इजा झालेले किंवा हालचालींच्या आजारांचे रुग्ण, ज्यांचं आवळणं इतकं अनावर असतं की ओठ-जीभ चावली जाते आणि तोंडात गार्ड टिकतच नाही. दात खाण्यासाठी या औषधाच्या वापराची जी पहिली नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली, १९९० मध्ये, ती मेंदूला इजा झालेल्या रुग्णाचीच होती.

अधूनमधून गाल दुखणाऱ्याने, परीक्षेच्या किंवा कामाच्या ताणाच्या आठवड्यात जबडा आवळणाऱ्याने, इथपर्यंत येण्याची गरज नाही.

दुखणं नक्की कमी होतं का? अभ्यास काय सांगतात?

अभ्यासांचं चित्र एकसारखं नाही. काहींत औषध घेतलेल्यांचं दुखणं स्पष्ट कमी झालं. काहींत नुसतं सलाइन टोचलेल्यांचंही जवळजवळ तेवढंच कमी झालं. सुई टोचण्याचा, विश्वासाचा आणि निव्वळ दिवस उलटण्याचा परिणाम असतोच. जबड्याचं स्नायुदुखणं चढत-उतरत राहतं आणि माणूस डॉक्टरकडे येतो ते ते शिखरावर असताना, हेही लक्षात घ्यायला हवं. म्हणून मी हा उपाय पहिल्या पायरीवर ठेवत नाही. पण पायऱ्या चढून झाल्यावर तो नाकारतही नाही.

इंजेक्शन घेतलं की नाइट गार्डची कटकट संपली ना?

नाही. गार्ड दात वाचवतो, इंजेक्शन स्नायूला आराम देतं. जोर कमी झाला तरी दात दातावर घासतच राहतात. गार्डमुळे उलटी येते, तो झोपेत काढून टाकला जातो, अशी तक्रार असेल तर आधी तो नीट बसवून घ्या. दुकानात मिळणाऱ्या मऊ, उकळून बसवायच्या गार्डवर काही जण उलट जास्त चावतात. मापाने बनवलेला कडक ॲक्रिलिकचा गार्ड वेगळी गोष्ट आहे.

सुई टोचण्याआधी काय तपासायला हवं?

इथे घाई होते, आणि नको तिथे होते. दोन मिनिटांत गाल चाचपून सुई काढणाऱ्याकडून उठून यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी औषधांची यादी. नैराश्य आणि चिंतेवरची काही औषधं, उदाहरणार्थ फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, व्हेन्लाफॅक्सिन, काही जणांत दात आवळणं सुरू करतात किंवा वाढवतात. गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत गाल दुखू लागले असतील तर तो धागा आधी पकडायला हवा. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका. ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोललं की मात्रा किंवा औषध बदलण्याचे मार्ग निघतात.

मग झोप. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडखळणं, आठ तास झोपूनही दिवसा पेंगणं, हे असेल तर झोपेतल्या श्वासरोधाची तपासणी आधी. दात खाणं आणि श्वासरोध पुष्कळदा एकाच माणसात सापडतात. तिथे नुसता गाल सैल करणं म्हणजे धूर दिसतोय म्हणून खिडकी उघडण्यासारखं.

त्यानंतर दात. तडा गेलेली दाढ, आत सडलेली नस, अर्धवट वर आलेली अक्कलदाढ, यांचं दुखणं गालभर पसरतं आणि स्नायूचं वाटतं. गालावरून वारा गेला किंवा दात घासले की विजेसारखी कळ येत असेल तर तो चेहऱ्याच्या मज्जातंतूचा आजार असू शकतो, त्याचा उपचार वेगळा.

दोन खुणा मात्र दंतवैद्याची वाट पाहण्यासारख्या नाहीत. वय पन्नाशीच्या पुढे, कानशिलात नवीनच सुरू झालेलं दुखणं, चावताना जबडा भरून येणं आणि सोबत नजर अंधुक होणं: ही कानशिलाच्या रोहिणीला सूज आल्याची लक्षणं असू शकतात, आणि उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. दुसरी, जबड्यातलं दुखणं छातीतल्या दडपणासोबत, घामासोबत किंवा चालताना वाढणारं. ते हृदयाचं असू शकतं. दोन्हींसाठी लगेच रुग्णालय.

प्रत्यक्ष इंजेक्शन कसं देतात? दुखतं का?

औषध कोरड्या पावडरच्या रूपात येतं, सलाइनमध्ये विरघळवून वापरतात. तुम्हाला दात आवळायला सांगतात, स्नायूच्या कडा बोटांनी चाचपून गालावर खुणा करतात. कानाच्या पाळीपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत मनात एक रेषा काढायची आणि मॅसेटरमध्ये टोचायचं ते तिच्या खाली, जबड्याच्या कडेपासून थोडं वर आणि स्नायूच्या पुढच्या कडेपासून थोडं मागे. या चौकटीबाहेर गेलं की लाळग्रंथी आणि हसण्याचे स्नायू लागतात. प्रत्येक गालात साधारण तीन ते पाच ठिकाणी टोचतात.

सुई केसासारखी बारीक असते. डास चावल्यासारखं वाटतं, कानशिलाला जरा जास्त. खुर्चीत बसल्यापासून उठेपर्यंत फार तर पंधरा-वीस मिनिटं, त्यातली निम्मी खुणा करण्यात जातात.

किती युनिट लागतात?

बोटॉक्सच्या मापात बोलायचं तर एका मॅसेटरमध्ये बहुधा २० ते ३० युनिट, टेम्पोरॅलिसमध्ये त्याहून कमी. स्नायू लहान असेल तर आणखी कमीपासून सुरुवात करावी, पुढे वाढवता येतं. टोचलेलं काढून घेता येत नाही आणि त्यावर उतारा म्हणून दुसरं इंजेक्शनही नाही.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा: एका कंपनीचं युनिट म्हणजे दुसऱ्या कंपनीचं युनिट नव्हे. डिस्पोर्टचा आकडा बोटॉक्सच्या दुप्पट-तिप्पट असतो, म्हणून ते ‘जास्त’ दिलं असं होत नाही. दोन ठिकाणच्या मात्रांची तुलना करायची तर आधी औषधाचं नाव विचारा. आपल्या कागदावर नाव, युनिट आणि कुपीचा बॅच क्रमांक लिहून मागा.

फरक कधी जाणवतो आणि किती टिकतो?

तीन-चार दिवसांनी सुरुवात, दोन ते चार आठवड्यांत पूर्ण परिणाम. टिकतो साधारण तीन ते चार महिने, काहींचा थोडा जास्त. पहिल्या दिवशी ‘लगेच हलकं वाटलं’ असं सांगणारे भेटतात. त्यांना मी हसून मान डोलावतो, पण ते औषधाचं काम नसतं.

नंतर काय पाळायचं?

त्या दिवशी गाल चोळू नका, चेहऱ्याचा मसाज नको, तीन-चार तास आडवं पडू नका, जोराचा व्यायाम दुसऱ्या दिवसावर ढकला. औषध आजूबाजूला पसरू नये हा हेतू. या सूचनांना भक्कम पुरावा आहे असं नाही, पण पाळायला काही लागत नाही. दोन-तीन आठवड्यांनी तपासणीला नक्की जा. एका बाजूला कमी पडलं असेल तर तेव्हाच कळतं.

जेवता येईल ना?

येईल. चावायला मॅसेटर एकटाच नसतो. पण पहिले काही आठवडे कडक आणि चिवट पदार्थ खाताना जबडा लवकर थकतो, घास नेहमीपेक्षा जास्त वेळ चावावा लागतो. च्युइंगगम आधीपासूनच बंद करायला हवं होतं, नसेल केलं तर आता करा.

दुष्परिणाम कोणते?

टोचल्या जागी निळंकाळं पडणं, थोडी सूज, एक-दोन दिवस डोकं दुखणं, हे किरकोळ आणि नेहमीचं.

लोकांना खरा त्रास होतो तो हसण्याचा. मॅसेटरच्या पुढच्या कडेला लागूनच ओठांचा कोपरा बाजूला ओढणारा एक पातळ स्नायू असतो. औषध त्यात उतरलं तर हसताना तोंड एका बाजूला कमी ताणलं जातं. फोटोत ते लगेच दिसतं. काही आठवड्यांत, कधी दोन-तीन महिन्यांत ते आपोआप जातं, पण तेवढ्यात घरात लग्नकार्य असेल तर ते काही आठवडे फार लांबलचक होतात. म्हणून मोठ्या समारंभाच्या तोंडावर पहिलं इंजेक्शन कधीच घेऊ नका.

दुसरं, चावताना गालावर अचानक फुगा उठणं. मॅसेटर थरांचा असतो. एक थर सैल झाला आणि दुसरा राहिला तर राहिलेला थर एकट्याने जोर लावतो आणि वर उसळतो. दिसायला भीतीदायक, पण उरलेल्या थरात थोडं औषध देऊन आवरता येतं. तोंड कोरडं पडणं, वयस्क चेहऱ्यात जबड्याखालची त्वचा लोंबल्यासारखी दिसणं हेही होतं.

क्वचित औषध दूरवर पसरून गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतो, पापण्या पडतात, अंगातली ताकद जाते. हे काही तासांनी होऊ शकतं किंवा काही आठवड्यांनीही. जबड्यासाठीच्या मात्रेत ते दुर्मिळ आहे. तरीही असं काही जाणवलं तर उद्यावर न ढकलता थेट तातडीच्या विभागात जा आणि कोणतं इंजेक्शन कधी घेतलं ते सांगा.

जबड्याचं हाड झिजतं असं वाचलं. खरं आहे का?

प्रश्न रास्त आहे. हाडावर स्नायू ओढ देतो म्हणून हाड दणकट राहतं, ओढ गेली की ते विरळ होतं. सशांवर आणि उंदरांवरच्या प्रयोगांत चावण्याचे स्नायू लुळे केल्यावर जबड्याच्या सांध्याजवळचं हाड कमी झालेलं स्पष्ट दिसलं. माणसांतल्या अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत बदल दिसला, काहींत नाही. एखाद-दोन वेळा घेतलेल्या माफक मात्रेने घाबरून जाऊ नये. वर्षानुवर्षं, मोठ्या मात्रेत, दर तीन महिन्यांनी घेत राहणं याबाबत मी सावध आहे, आणि रजोनिवृत्तीनंतरच्या किंवा आधीच हाडं ठिसूळ असलेल्या स्त्रियांबाबत आणखी सावध.

चेहरा बारीक होतो का?

होतो, मॅसेटर वाढलेला असेल तर. न वापरलेला स्नायू आकसतो, त्यामुळे महिना-दोन महिन्यांत जबड्याची चौकोनी कड मऊ दिसू लागते. काहींना हे हवंच असतं, काहींना नको असतं. ज्यांचे गाल मुळात बसलेले आहेत त्यांचा चेहरा ओढल्यासारखा दिसू शकतो. दुखण्यासाठी आला आहात की चेहऱ्यासाठी, हे डॉक्टरांना मोकळेपणी सांगा, कारण त्याप्रमाणे मात्रा बदलते.

कोणी घेऊ नये?

गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी नको. मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखे स्नायू दुबळे करणारे आजार असणाऱ्यांनी नको. टोचायच्या जागी संसर्ग असेल तर तो बरा होईपर्यंत नको. यातल्या काही औषधांत मानवी अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) असतं, डिस्पोर्टमध्ये गाईच्या दुधातल्या प्रथिनाचा अंश असू शकतो, तेव्हा ॲलर्जी असेल तर आधी सांगा. जेंटामायसिनच्या कुळातली प्रतिजैविकं चालू असतील तर थांबा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर बहुधा टोचता येतं, काळंनिळं जास्त पडतं एवढंच. त्या गोळ्या मनाने बंद करणं जास्त धोक्याचं.

जबडा उघडताना कट्कट् वाजतो. ते जाईल का?

नाही. तो आवाज सांध्यातली चकती जागेवरून सरकल्याचा असतो, स्नायूचा नाही. दुखत नसेल आणि तोंड पुरेसं उघडत असेल तर आवाजाला उपचारच लागत नाही.

याला अधिकृत मान्यता आहे का?

दात खाण्यासाठी म्हणून या औषधाच्या माहितीपत्रकावर बहुतेक ठिकाणी मान्यता छापलेली नसते. इतर आजारांसाठी मान्य झालेलं औषध डॉक्टर आपल्या जबाबदारीवर इथे वापरतात. वैद्यकात हे नवीन नाही आणि बेकायदाही नाही, पण ते रुग्णाला सांगितलं पाहिजे आणि लेखी संमती घेतली पाहिजे. दंतवैद्याला हे इंजेक्शन देता येतं का, कशासाठी येतं, याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत.

एकदा सुरू केलं की कायम घ्यावं लागतं का?

सवय लागत नाही. बंद केलं तर स्नायू हळूहळू पूर्वपदावर येतो, आधीपेक्षा वाईट होत नाही. दोन इंजेक्शनांत किमान बारा आठवडे जाऊ द्यावेत. फार लवकर आणि फार जास्त घेत राहिलं तर शरीर औषधाविरुद्ध प्रतिपिंडं बनवू शकतं आणि मग ते लागू पडेनासं होतं. माझ्या मते दोन-तीन फेऱ्यांनंतर एकदा थांबून पाहावं. त्या मोकळ्या महिन्यांत आवळण्याची सवय सुटली असेल तर पुन्हा टोचायचं कारणच उरत नाही.

लहान मूल रात्री दात खातं. त्याला?

इंजेक्शन नको. दुधाच्या दातांच्या वयात हे फार सर्रास दिसतं आणि बहुतेकांचं वाढत्या वयात आपोआप थांबतं. मूल घोरत असेल किंवा तोंडाने श्वास घेत असेल तर टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी दाखवून घ्या. जंतांशी संबंध जोडण्याची समजूत जुनी आहे, पण तो संबंध पक्का ठरलेला नाही.

सुईशिवाय काय करता येईल?

पुष्कळ, विशेषतः दिवसा आवळत असाल तर. दिवसाचं आवळणं रात्रीच्या दात खाण्यापेक्षा वेगळं आहे. त्यात आवाज नसतो, घासणं नसतं, नुसते दात दातांवर टेकलेले असतात, तासन्‌तास. आपल्या भाषेत रागाला ‘दातओठ खाणं’ म्हणतात, पण माझ्याकडे येणारे बहुतेक लोक रागात नसतात, एकाग्र असतात. पडद्यावर बारीक अक्षरं वाचताना, गाडी चालवताना, सुईत दोरा ओवताना.

हे वाचताना तुमचे दात एकमेकांना टेकले आहेत का, बघा. टेकले असतील तर तुमचा निम्मा आजार इथे आहे. चावताना आणि गिळताना सोडून दिवसभर दातांनी एकमेकांना शिवायचं काहीच कारण नसतं. ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला हलकं टेकलेलं, ही जबड्याची विश्रांतीची जागा. ‘न’ म्हणताना जीभ जाते, जवळपास तिथेच. फोनवर तासातासाला घंटा लावा किंवा पडद्याच्या कोपऱ्यात रंगीत ठिपका चिकटवा, आणि तो दिसला की दात सोडा. पहिल्या दिवशी स्वतःला किती वेळा पकडता ते मोजलं की हबकायला होतं. तीन-चार आठवडे नेटाने केलं तर अनेकांना नंतर सुईची गरजच वाटत नाही.

रात्रीसाठी संध्याकाळनंतरची कॉफी, दारू आणि सिगारेट कमी करा. झोपण्याआधी गालांवर कोमट ओल्या फडक्याचा शेक घ्या. आणि कितीही इच्छा झाली तरी जबडा मुद्दाम कडकड मोडू नका.

कोणाकडे जावं, काय विचारावं?

चेहऱ्याच्या स्नायूंचा आणि जबड्याच्या दुखण्याचा अभ्यास असलेल्याकडे. विचारा: माझ्या दुखण्याचं कारण स्नायूच आहे हे कशावरून ठरवलं? कुपी माझ्यासमोर उघडणार का? काही बिनसलं तर महिनाभराने भेटाल का? औषध थंड तापमानात ठेवावं लागतं आणि बनावट मालही बाजारात असतो, त्यामुळे घरगुती पार्टीत, पार्लरमध्ये, ओळखीच्या ओळखीने स्वस्तात मिळणारं इंजेक्शन चेहऱ्यात घेऊ नका.

एकदा घेतलं, काहीच फरक पडला नाही. आता?

महिनाभराने पुन्हा गालांवर तळवे ठेवा आणि आवळा. गोळा पूर्वीसारखाच टणक उठत असेल तर औषध कमी पडलं, चुकीच्या थरात गेलं किंवा कुपीतच जीव नव्हता. मात्रा सुधारून पुन्हा पाहता येईल, मात्र बारा आठवड्यांनंतर. पण गोळा उठतच नाही, स्नायू खरोखर सैल पडला आहे आणि दुखणं तसंच आहे, तर आणखी औषध मागू नका. ते दुखणं त्या स्नायूचं नव्हतं. परत जाऊन दाढा, सांधा, मान आणि झोप तपासून घ्या.